लांब गेलेला लाल दिवा

१. वाटतं

कल्याणदादाचं सावडणं झालं त्या सकाळी पप्पांनी नेहमीसारखं दुकानाचं शटर वर केलं, अगरबत्ती लावली, वायरी तपासायचा टेस्ट लॅम्प हातात घेतला आणि परत खिळ्याला अडकवून ठेवला. मग शटर खाली ओढून घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. भर सकाळी. माझे पप्पा आजारपणातसुद्धा भर सकाळी झोपत नाहीत.

आमचं दुकान पाथर्डीत, स्टँडच्या मागं. पप्पा ऑटो इलेक्ट्रिशियन. म्हणजे गाडीचं इंजिन सोडून जे जे पेटतं, वाजतं आणि टिकटिकतं ते सगळं सुनील मिस्त्रीकडं. आणि त्यांच्या हातून गेलेल्या गाडीमुळं माणूस मेला, असं आता अख्खं स्टँड बोलत होतं.

घडलं ते असं. आमच्या चिंचेच्या वस्तीवरच्या कानिफकाकांच्या जीपचे मागचे दोन्ही दिवे फुटलेले होते. दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या, आणि काकांना एका टोळीची भांडीकुंडी, ताडपत्र्या भरून श्रीगोंद्याकडं पहिली खेप न्यायची होती. म्हणून रविवारी दुपारी पप्पांनी जीपला नवे दिवे बसवून दिले. दिवस बुडता बुडता जीप वस्तीवरून निघाली. भाकरीचं गाठोडं मात्र घरीच राहिलं. ते घेऊन काकांचा धाकटा भाऊ कल्याणदादा मोटारसायकलवर मागून निघाला. तिसगावच्या अलीकडं उतारावर शेळ्या आडव्या आल्या, काकांनी ब्रेक दाबला, आणि कल्याणदादा जीपच्या पाठीवर जाऊन आदळला. गाठोडं हँडलला तसंच लटकत होतं म्हणे. एक भाकरीसुद्धा मोडली नव्हती.

हवालदारांनी जीपच्या मागं वाकून बघितलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "अर्थची वायर लोंबतीय. स्क्रूच न्हाई. मिस्त्रीनं लावलाच न्हाई."

सावडण्याच्याच दिवशी संध्याकाळी कानिफकाका आमच्या दारात आले. डोकं भादरलेलं. आत आले नाहीत, पाणी घेतलं नाही. पप्पा आणि ते बालवाडीपासूनचे दोस्त.

"सुन्या, मी भांडाय न्हाई आलो," ते म्हणाले. "एकच सांग. तो स्क्रू तू बसवला हुता का न्हाई?"

पप्पा उंबऱ्यात उभे होते. मी त्यांच्या मागं. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान दिसत होती.

"बसवला होता," ते म्हणाले. आणि मग, "वाटतं."

कानिफकाका मागं वळले आणि निघून गेले.

२. लागला

मी मोनिका. दहावीत आहे. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात शेवटच्या बाकावर बसून, हजेरीला सुद्धा पुटपुटत "यस मॅडम" म्हणणारी मुलगी होते. मग तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझ्या बल्बच्या जोडणीच्या फळीला दुसरा नंबर आला, परीक्षकांच्या तीन प्रश्नांना मी उत्तरं दिली, चौथा मीच त्यांना विचारला, आणि तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही असं मम्मीचं म्हणणं आहे. तर त्या "वाटतं" नंतर मी ठरवलं की हे मी शोधून काढणार.

आधी अर्थ म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. विजेचं शाळेसारखं असतं. नुसतं जाऊन चालत नाही, घरी परत यायला वाट लागते. बॅटरीतून वायरनं वीज दिव्यात जाते, आणि परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. दिव्याची एक काळी वायर पत्र्याला स्क्रूनं आवळतात, तीच अर्थ. तो स्क्रू निघाला की वीज गेली तशी परत येईना. पप्पांनी दोन्ही दिव्यांच्या काळ्या वायरी एकत्र करून एकाच स्क्रूखाली दाबल्या होत्या. सगळेच तसं करतात.

आणि पप्पांची एक पद्धत आहे. ते आधी पत्र्यावरचा रंग पार खरवडतात, पत्रा चांदीसारखा दिसेपर्यंत. मग वायरीची रिंग आणि स्क्रू यांच्यामध्ये एक दातेरी वॉशर घालतात, बारीक पाकळ्यांचं, म्हणजे पत्रा हादरला तरी स्क्रू फिरत नाही. वरून ग्रीसचं बोट. मग मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवतात. मी ब्रेक दाबते आणि ते मागून ओरडतात, "लागला." मी इंडिकेटर टाकते. "लागला." पार्किंग. "लागला." आमच्या दुकानात हे चालूच असतं, पलीकडचा चहावाला सुद्धा आता आमच्याबरोबर ओरडतो.

रविवारीही मीच पायडलवर होते. तीनदा "लागला" ऐकलं होतं.

"पण पप्पा, मी ऐकलं ना," मी त्यांच्या पाठीला म्हणाले.

"तू माझा आवाज ऐकला," ते भिंतीला म्हणाले. "स्क्रू थोडाच बघितला. रिंग नुसती टेकली तरी दिवा लागतो. त्या दिवशी गर्दी होती गं. मी हातानं आवळून सोडला, का पान्यानं आवळला, मला आठवतच नाही."

"वॉशर घातला होता का?"

ते उठून बसले. डोळे लाल. "मोना, मला काही विचारू नको. मी आता वायरीला हात लावणार नाही. तुझ्या मामाच्या पंपावर एक जागा आहे, तिथं जाईन."

पंपावर. माझे पप्पा, जे नुसत्या हॉर्नच्या आवाजावरून कुठली वायर कमकुवत आहे ते सांगतात, ते पेट्रोल सोडत बसणार. मी सायकल काढली.

३. बारीक झाला

शेळ्या मालनबाईंच्या होत्या. त्या उतारावर त्यांचं खोपटं आहे. मी गेले तेव्हा त्या शेळीच्या पायातला काटा काढत होत्या.

"तू कुणाची गं?"

"सुनील मिस्त्रीची."

त्यांनी मान वर केली. "बस. मला वाटलं परत पोलीस आले. तेच तेच इचारत्यात. दिवा हुता का न्हवता, हुता का न्हवता. मी म्हनलं हुता. तर म्हनत्यात, आजी तुला दिसत न्हाई. आता काटा दिसतो मला, आन दिवा दिसायचा न्हाई?"

"म्हणजे जीपचे मागचे दिवे लागलेले होते?"

"व्हय. लाल. चांगलं लागल्यालं. मी रस्त्याच्या कडंला उभी, जीप माझ्या म्होरून गेली. शेळ्या फुडं पांगल्या हुत्या. आन मंग तो दिवा बारीक झाला."

"विझला?"

"इझला न्हाई. बारीक झाला. कंदिलाची वात खाली केल्यावानी. जशी काय गाडी लई लांब गेली." त्यांनी काटा काढून फेकला. "मलाबी वाटलं, गेली जीप. आन तवाच मागनं त्या पोरानं फटफटी वाढवली. घुर्र केलं. लोकं म्हनत्यात प्याला हुता. पोरी, मी वास वळखते. त्याला मांडीवर मीच घेतलं. वास फकस्त भाकरीचा येत हुता."

शेळी माझ्या दप्तराचा पट्टा चावायला लागली, मी तो सोडवत बसले.

गंमत बघा. दिवे लागलेच नव्हते असं हवालदार म्हणत होते. दिवे लागले होते असं मालनबाई. आणि ब्रेक दाबला की लाल दिवा मोठा व्हायला पाहिजे, हे तर लहान पोराला कळतं. तो बारीक कसा होईल? तर मालनबाई म्हातारी, तिला भास झाला असेल. नाहीतर कानिफकाकांनी ब्रेक दाबलाच नसेल.

कुणीतरी खोटं बोलत होतं. मी परत निघताना मला खात्री होती की ते कानिफकाकाच.

४. दोन पिवळे दिवे

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नीलांबरी मॅडमनी मला स्टाफरूमच्या बाहेर थांबवलं. त्या आम्हाला विज्ञान शिकवतात, आणि रोज स्कूटीनं तिसगावहून येतात-जातात.

"मोनिका, तू त्या अपघाताबद्दल विचारत फिरतेस असं कळलं."

"रागावू नका मॅडम, अभ्यास करून..."

"रागवत नाहीये." त्यांनी आजूबाजूला बघितलं. "त्या रविवारी संध्याकाळी मी काही कामासाठी पाथर्डीकडं येत होते, जीपच्या समोरून. जीप माझ्या समोर हळू झाली. आणि तिचे पुढचे दोन्ही पिवळे दिवे मिणमिणले. इंडिकेटरचे. दोन्ही एकदम, आणि लुकलुकत नव्हते. मी कुणालाच बोलले नाही. मला वाटलं, धक्का बसल्यामुळे मी काहीतरी मनानंच जोडतेय."

"नक्की दोन्ही?"

"अगं, मी बाजूला थांबले, कारण मला कळेना ही जीप वळतेय तरी कुठं. आणि थांबले म्हणूनच तो आवाज ऐकला." त्या चष्मा पुसायला लागल्या.

तर आता माझ्याकडं तीन माणसं. कानिफकाका म्हणतात ब्रेक जोरात दाबला. मालनबाई म्हणतात मागचा लाल दिवा तेव्हाच बारीक झाला. मॅडम म्हणतात पुढचे पिवळे दिवे तेव्हाच मिणमिणले, जे कुणी लावलेच नव्हते. तिघांचं एकमेकांशी काहीच जुळत नाही.

घरी येऊन मी माळ्यावरून प्रदर्शनाची फळी काढली. पप्पांची जुनी बॅटरी ओढून आणली. एक लाल दिवा, ज्याच्या पोटात दोन तारा असतात, रात्री सतत जळणारी बारीक आणि ब्रेकची जाड. शेजारी, त्याच अर्थवर, मागचा इंडिकेटर. फळीच्या दुसऱ्या टोकाला पुढचा इंडिकेटर. सगळं जोडलं, ब्रेकचं बटण दाबलं. लाल दिवा मोठा झाला. शहाण्यासारखा.

मग मी मागची अर्थ काढून टाकली. बारीक तारेचा लाल दिवा तसाच लागलेला. विझलाच नाही. मला वाटलं माझी जोडणी चुकली. मग ब्रेकचं बटण दाबलं.

लाल दिवा बारीक झाला. आणि फळीच्या पलीकडच्या टोकाला, जिथं मी बोटसुद्धा लावलं नव्हतं, पुढचा पिवळा बल्ब हळूच मिणमिणला.

कुणीच खोटं बोलत नव्हतं. घरी जायची नेहमीची वाट बंद झाल्यावर वीज मागच्या इंडिकेटरमधून उलटी शिरली, त्याच्या वायरीनं पार पुढच्या दिव्यापर्यंत गेली आणि तिथल्या अर्थमधून घरी पोहोचली. नुसती बारीक तार जळत असताना वीज थोडी, ती त्या बोळातून गुपचूप जाते, कुणाला कळतही नाही. ब्रेक दाबला की जाड तारेची सगळी गर्दी त्याच बोळात. मग कुणालाच धड वाट नाही. लाल मंदावतो, पिवळा उगाच जळतो.

आणि मागून येणाऱ्या कल्याणदादाला काय दिसलं असेल? आपल्या दादाची, कानिफकाकांची, जीप लांब चाललीय. म्हणून त्यानं गाडी वाढवली.

मी ओरडतच पप्पांना बोलवायला गेले. ते आले, फळीसमोर उकिडवे बसले. मी बटण दाबून दाखवलं. सोडलं, परत दाबलं. त्यांनी वाकून तो पिवळा बल्ब बघितला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "म्हणजे स्क्रू धडकेनं नाही निघाला. आधीच निघालेला होता."

"हो ना पप्पा."

"म्हणजे माझंच," ते म्हणाले, आणि उठून गेले.

मी तिथंच बसून राहिले. मी पप्पांना सोडवायला निघाले होते आणि माझ्या दुसऱ्या नंबरच्या फळीनं त्यांच्यावरच शिक्का मारला होता.

५. बाभळीवरची चप्पल

रडून झाल्यावर डोकं चालतं, निदान माझं तरी. मी विचार केला: स्क्रू पप्पांनी लावलाच नसता तर दुकानात तो मिळाला असता. मी दुकान झाडून काढलं, मिळाला नाही. बरं, नुसता हातानं आवळून सोडला असता तर दुकानापासून वस्तीपर्यंतच्या खडबडीत रस्त्यावरच पडला असता. पण वस्तीवरून निघताना कानिफकाकांनी स्वतः मागं जाऊन दिवे बघितले होते, आणि कल्याणदादानं ब्रेक दाबून दाखवला होता. तेव्हा लाल दिवा मोठा झाला होता, हे काकांनी हवालदारांनाही सांगितलं होतं. म्हणजे स्क्रू वस्तीपर्यंत घट्ट होता, आणि त्यानंतर, मालनबाईंच्या उतारापर्यंत कुठंतरी निघाला.

मग सायकल परत त्या रस्त्याला. मान खाली घालून चालत, सायकल हातात. मालनबाईंनी लांबूनच बघितलं.

"काय हरवलं गं? डूल?"

"स्क्रू, आजी. एवढुसा."

"स्क्रू न्हाई बा. चप्पल सापडली हुती, ती तिकडं बाभळीला टांगलीय. कुनाचं लेकरू इचारत आलं तर दिसावी म्हनून. त्याच सांजंला पडली. जीप गेली तवा टप्पदिशी वाजलं काहीतरी."

"जीप जाताना? अपघाताच्या आधी?"

"आधीच की. मी ती उचलाय वाकले, वर बघते तर दिवा बारीक."

बाभळीच्या काट्याला एक निळी रबरी चप्पल अडकवलेली होती. माझ्या हाताच्या पंजापेक्षाही लहान. दोन-तीन वर्षांच्या पोराची असेल, आणि इतकी जुनी की रबर शिळ्या पावासारखं तडकलेलं. टाचेत काळ्या लोकरीचा धागा, आणि तळव्यातून आरपार एक नवाकोरा स्क्रू. डोक्याखाली अजून पप्पांच्या ग्रीसचा डाग.

दातेरी वॉशर नव्हता.

आमच्याकडं कुठलीही गाडी हंगामाच्या पहिल्या खेपेला निघाली की तिला ओवाळतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, आणि मागं एक जुनी चप्पल बांधतात. नजर चपलेला लागावी, गाडीला नाही. बहुतेक जण बंपरला तारेनं बांधतात. ही ज्यानं कुणी बांधली त्यानं मात्र पप्पांचा स्क्रू काढून त्यातच चप्पल ओवली होती. रबराच्या जाडीनं स्क्रूची अर्धी लांबी खाल्ली, पत्र्यात जेमतेम एखादा आटा बसला. वस्तीवर दिवा लागला, ब्रेकही लागला. मग खड्डे.

पप्पा सुटले होते. मी रस्त्यातच एकदा मोठ्यानं हसले. मग हातातली चप्पल परत बघितली, लेकराची इतकी जुनी चप्पल जपून ठेवते ती आईच, आणि ती कुणी बांधली असेल हे माझ्या लक्षात आलं.

६. फूल

दहावा व्हायच्या आधी मम्मी आक्काआजींना भेटायला जाणार होती. मीही गेले. चप्पल दप्तरात होती. दप्तर कशाला, असं मम्मीनं विचारलं तर सांगितलं, तिथून क्लासला जाईन.

आक्काआजी म्हणजे कानिफकाकांची आणि कल्याणदादाची आई. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, रडत नव्हत्या. मम्मी रडली, त्यांनीच तिच्या पाठीवर हात फिरवला. मग मम्मी आत चहाचं बघायला गेली आणि आम्ही दोघीच राहिलो.

देवाच्या कोनाड्यात, दिव्याच्या शेजारी, दुसरी निळी चप्पल होती.

त्यांनी माझी नजर बघितली. "कल्याणची हाय. पहिली जोडी. नगरच्या बाजारातनं त्याच्या बापानं आनली हुती. ही घालून असा फटाक फटाक चालायचा, सगळी कोंबडी पळायची." त्या हसल्या. खरंच हसल्या. "एक जीपला बांधली मी. मनात म्हनलं, ज्या लेकराला कधी काटा टोचला न्हाई त्याची चप्पल बांधावी. रस्ता लई वंगाळ. कानिफाच्या जिवाला घोर नको."

"तुम्हीच बांधली, आजी?"

"मला कुठं येतं. कल्याण म्हनला, आई, तारेनं नगं, तार गंजती. हा स्क्रू नवाच हाय, ह्यात घट बसंल. पान्यानं खोलला. त्यातनं ही निघाली." त्यांनी पदराची गाठ सोडली. आत लोखंडाची बारीक चकती होती, कडेला पाकळ्या-पाकळ्या. "म्हनला, बघ आई, फूल. जाड रबरात ही मावंना, तर माझ्या हातावर ठिवली. मी ठिवून दिली."

मी ती चकती पप्पांच्या डब्यात हजारदा बघितली आहे. तिला फूल म्हणावं हे मला कधी सुचलं नव्हतं.

आक्काआजी पुढं सरकल्या. माझं मनगट धरलं. त्यांचा हात गरम होता, ताप असल्यासारखा.

"तू तपास करतीस म्हनं. मला एकच सांग पोरी. जीप आल्यापासनं मी तिच्या जवळ गेले न्हाई, जाववत न्हाई. ती चप्पल पडली तर न्हाई ना? पडली असंल तर माझी बांधनी चुकली. मी लोकर नीट गुंडाळली न्हाई. मंग माझ्याच हातानं गेला गं तो."

दप्तर माझ्या मांडीवर होतं. मला त्यातली चप्पल मांडीला लागत होती.

मी तेवढ्या दिवसांत सगळ्यांना प्रश्न विचारले होते, सगळ्यांनी खरी उत्तरं दिली होती. मीच एकटी आता खोटं बोलले.

"नाही आजी. होती तिथंच. मी बघितली."

७. कुणी काढला

दुसऱ्या दिवशी पुरतं उजाडायच्या आधीच मी पप्पांना घेऊन कानिफकाकांच्या वस्तीवर गेले. म्हणजे ओढतच नेलं. आक्काआजी शेजारच्या घरी होत्या, हे आधी बघून घेतलं. जीप चिंचेखाली उभी होती, मागचा पत्रा आत गेलेला, पण दिवे शाबूत. दोन्ही नवे, लाल, ओल्या रंगासारखे.

"काका, आत बसा आणि ब्रेक दाबा," मी म्हणाले.

"कशाला आता?"

"दाबा ना. पप्पा, तुम्ही पुढं उभे राहा."

दिवे लावले. लाल लागले. काकांनी ब्रेक दाबला, लाल बारीक झाले, आणि पुढं उभ्या असलेल्या पप्पांच्या पांढऱ्या शर्टावर दोन पिवळे डाग उमटले. मी कानिफकाकांना उतरवून मागं आणलं, स्वतः पायडल दाबून दाखवलं. मालनबाईंनी काय बघितलं, मॅडमनी काय बघितलं, सगळं सांगितलं. कल्याणदादानं गाडी का वाढवली, तेही. तो प्यालेला नव्हता. त्याला दादाला गाठायचं होतं.

काकांनी तोंडावर पंचा धरला. पप्पा बाजूला बघत राहिले.

"मग स्क्रू?" काका म्हणाले. "सुन्यानं लावला, मी दिवे बघितले, मग काढला कुणी?"

मी दप्तरातून चप्पल काढली. स्क्रू तसाच होता. काकांनी ती निळी चप्पल हातात घेतली, उलटी केली, टाचेचा धागा बघितला. मग घराच्या दाराकडं बघितलं, जिथून देवाचा कोनाडा दिसतो.

पप्पांना सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचं काहीतरी आलं आणि लगेच गेलं.

"मोना," ते म्हणाले, "हे अजून कुणाला..."

"कुणालाच नाही."

"न्हाई ते न्हाईच," कानिफकाका म्हणाले. त्यांनी चप्पल सदऱ्याच्या आत, पोटाशी ठेवली. "स्क्रू मी काढला. चप्पल मीच बांधली, माझ्या हातानं. चौकीत तसंच सांगतो आन स्टँडवरबी. सुन्याचं काम चोख हुतं." ते आमच्याकडं वळले. "आई इचारल तवा चप्पल जागच्या जागी हुती, मीच उतरवून ठिवली. कळलं का?"

"तुझ्यावर येईल कानिफ," पप्पा म्हणाले.

"येऊ दे. माझ्यावर हायेच. ब्रेक मीच दाबला की."

ते त्याच दुपारी चौकीत गेले. काय होईल ते अजून माहीत नाही, तारखा पडतायत. पण स्टँडवर सुनील मिस्त्रीचं नाव घेऊन आता कुणी बोलत नाही.

तरी पप्पा दुकान उघडत नव्हते. मी वैतागले. "आता तर तुमची चूक नाही हे कळलं ना?"

"दोन्ही दिव्यांना मी एकच अर्थ दिली होती," ते म्हणाले. "दोन वेगळ्या दिल्या असत्या तर एक तरी दिवा मोठा झाला असता. त्याला दिसला असता."

"पण सगळेच एक देतात."

"हो," पप्पा म्हणाले. "सगळेच देतात."

कल्याणदादाचं तेरावं झालं आणि दिवस बुडता बुडता पप्पा स्वतःच हत्यारांची पिशवी घेऊन वस्तीवर निघाले. मला म्हणाले, चल, पायडलवर कोण बसणार. चिंचेखाली त्यांनी डावीकडचा पत्रा खरवडला, उजवीकडचा खरवडला. दोन स्क्रू, दोन वॉशर. एक वॉशर दोनदा मातीत पडला. कानिफकाका बाजूला उभे राहून बघत होते.

मी सीटवर बसले. "दाबू का?"

आरशात बघितलं तर आक्काआजी दारातून चालत येत होत्या, हातात कोनाड्यातली चप्पल. अपघातानंतर जीपजवळ त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

"जोडीतली एक घरात ठिवून काय करू," त्या म्हणाल्या. "हीबी बांध रे कानिफा."

कानिफकाकांचा हात पुढंच येईना. मला वाटलं आता सगळं बाहेर पडणार. पप्पा उठले, गुडघे झाडले आणि आजींच्या हातातून चप्पल घेतली.

"आण आक्का, मी बांधतो."

त्यांनी पिशवीतून तांब्याची तार काढली, जी कधी गंजत नाही, आणि चप्पल बंपरच्या हुकाला बांधली, दिव्यांपासून लांब. तारेला पीळ देत राहिले, गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

"दाब," ते म्हणाले.

मी दाबला. आरशात आक्काआजींचं पांढरं लुगडं एकदम लाल झालं, दोन्ही बाजूंनी. त्या दिव्यांकडं बघत उभ्या होत्या.

"लागला," पप्पा म्हणाले.